आई शेतावर गेली आहे

ओदिलनं मकाल्याचा, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचा, पहिला घाणा काढला आणि दोन गरम गोळे पानावर घेऊन ती आईला द्यायला आत गेली. आईला ते कढईतून काढल्या काढल्या लागत. जरा निवले की म्हणायची, "हे गिऱ्हाइकांना दे. मी काय गिऱ्हाईक आहे तुझी?" आज आई चटईवर कुशीवर निजली होती, हात गालाखाली घेऊन. ओदिलनं हाक मारली, पुन्हा मारली, मग खांद्याला हात लावला. खांदा गार लागला.

कोलिंगा गावात माणूस गेलं की घरातल्या बाईनं दारात येऊन टाहो फोडायचा असतो. तो ऐकून शेजारीण धावते, शेजारणीचा ऐकून पलीकडची, आणि बघता बघता गल्ली अंगणात जमते. ताडपत्री ताणतात, चर्चमधली बाकं येतात, ढोल येतात, आठवडाभर चूल विझत नाही. ज्याच्यामागे हे झालं नाही तो माणूस मेला नाही, हरवला, असं लोक समजतात. ओदिलच्या छातीतून तो टाहो वर निघाला आणि गळ्याशी आला. तिनं कमरेच्या कापडाचं टोक तोंडात कोंबलं. बाहेर कढईतलं तेल करपायला लागलं होतं.

ती ओरडली असती तर दुपारच्या आत गावातल्या बंदूकवाल्या सिल्व्हेनला कळलं असतं. सिल्व्हेनला कळलं की सोलांजच्या कानावर ते जाणारच. सोलांज आली असती. आणि ती आली असती तर सिल्व्हेनच्या पोरांनी तिला मारलं असतं.

सोलांज तिची धाकटी बहीण. गावच्या दवाखान्यात ती बाळंतपणं करायची. लढाईच्या वर्षी नदीपलीकडच्या मुसलमान वस्तीतले जखमी लोक त्या दवाखान्यात आणून टाकले होते, कारण पंचक्रोशीत दुसरीकडे कुठे मलमपट्टी होत नव्हती. एके सकाळी कॉलोनेल, म्हणजे कर्नल, देगोतो आपली हत्यारबंद पोरं घेऊन तिथं आला. लढाईपूर्वी तो लाकडाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, कॉलोनेल त्याला कुणी केलं नव्हतं, त्याचा तोच झाला होता. त्याच्या पोरांनी खाटांवरची माणसं ओढून मागच्या आंब्यांखाली नेली. त्यात एक बाई आदल्याच दिवशी बाळंत झालेली होती. सोलांज तिच्या खाटेला मिठी मारून बसली. देगोतोनं स्वतः वाकून सोलांजची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाला, "तू आमची पोरगी आहेस. बाजूला हो." मग त्यानं बाळंतिणीलाही न्यायला सांगितलं. बाळाचं काय झालं ते सोलांजनं घरात कधी सांगितलं नाही.

गावाच्या लेखी मात्र देगोतो तारणहार होता. त्याच्याआधी दुसऱ्या, म्हणजे मुसलमान बाजूच्या बंदूकवाल्यांनी कोलिंगा जाळलं होतं. ओदिलचा नवरा त्या आगीत गेला. त्याचं उरलंसुरलं शरीर देगोतोच्या पोरांनी चादरीत बांधून आणून दिलं होतं, आणि ओदिल ते विसरली नव्हती. पुढं काही वर्षांनी देगोतोला पकडून परदेशातल्या मोठ्या कोर्टात नेलं तेव्हा बाजार बंद राहिला, बाया रडल्या. ओदिलही रडली. त्यानंतर कोर्टाची माणसं साक्षीदार शोधत आली, आणि सोलांज त्यांच्याशी बोलली.

"तुझे कोण लागत होते ते लोक?" ओदिल तेव्हा तिच्यावर ओरडली होती. "माझा माणूस जळाला तेव्हा कुठं होतं हे कोर्ट?"

"तुझ्या माणसाला त्या बाळंतिणीनं जाळलं होतं का, याया?" सोलांजनं विचारलं. याया म्हणजे थोरली, ती ओदिलला लहानपणापासून तशीच हाक मारायची.

त्यानंतर ओदिल महिनाभर तिच्याशी बोलली नाही.

बातमी फुटलीच. मग कोर्टानं सोलांजला तिच्या दोन मुलींसकट दुसऱ्या देशात हलवलं. कोणत्या, ते कुणालाच सांगितलं नाही. आईला आणि ओदिललाही चला म्हणाले होते. आई म्हणाली, "माझा नवरा इथं पुरलाय. मी परक्या मुलखात मेले तर माझ्यासाठी कोण रडेल?" आई हलेना म्हणून ओदिल राहिली. निघताना सोलांज अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आईला काही झालं तर मी येणार. मग कुणाच्या बापाचं ऐकणार नाही."

ते वाक्य सिल्व्हेननं मनात जपून ठेवलं होतं. हा देगोतोचा भाचा. देगोतो पकडला गेल्यावर गावातली पोरं आणि बंदुका यानं सांभाळल्या. आवाज मऊ, वागणं नम्र. महिन्यातून एकदा साखर आणि साबण घेऊन तो आईला भेटायला यायचा, तिच्या सुजलेल्या पायांची चौकशी करायचा. गेल्या खेपेला निघता निघता ओदिलला म्हणाला, "याया, तुझ्या आईची काळजी घे. आम्हाला काही घाई नाही. म्हाताऱ्या माणसाचं काय, आज ना उद्या जायचंच. त्या दिवशी सोलांज घरी येईल, मग आम्ही सगळे तिच्याशी बसून बोलू."

म्हणून ओदिल ओरडली नाही.

तिनं दार आतून लावलं. पिठाच्या डब्यात पुरलेला फोन काढला. सोलांज दर रविवारी त्याच्यावर फोन करायची. अडचणीच्या वेळेसाठी त्यात कोर्टाच्या एका माणसाचा नंबर होता. तो बांगीला, राजधानीत बसायचा. फुलबेर त्याचं नाव.

"बोला मादाम," फुलबेर म्हणाला. "सगळं ठीक?"

"एक विचारायचं होतं. समजा आईला काही झालं, तर तुम्ही सोलांजला सांगाल?"

"सांगावं लागेल. आई आहे तिची. आम्ही कसं लपवणार?"

"आणि ती म्हणाली, मी गावाला निघाले, तर?"

"समजावू. हातापाया पडू. पण बांधून नाही ठेवता येत, मादाम. ती साक्षीदार आहे, कैदी नाही."

"तिची साक्ष कधी आहे?"

"ते मला सांगता येत नाही."

"अहो, आठवडा लागेल का वर्ष, तेवढं तरी?"

"मादाम ओदिल," तो हळू आवाजात म्हणाला, "आईला काही झालंय का?"

ओदिलनं चटईकडे पाहिलं. आईच्या तोंडावर एक माशी बसली होती. तिनं हात लांब करून ती उडवली.

"नाही," ती म्हणाली. "पाय सुजलेत, नेहमीसारखे. निजलीय."

तिनं फोन पुन्हा पिठात पुरला. उजाडलं होतं, उन्हं चढणार होती, आणि प्रेत घरात ठेवता येत नव्हतं. एकटीला ते उचलताही आलं नसतं. ती मागच्या दारानं तेक्लकडे गेली. तेक्ल आईची बालपणीची मैत्रीण, तोंडाची फटकळ, हाडापेरानं अजून मजबूत. "आई बोलावतेय," एवढंच सांगून ओदिलनं तिला आत आणलं.

तेक्लनं चटईवर पाहिलं आणि तोंड उघडलं. ओदिलनं झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला. म्हातारी कडाडून चावली, ओदिलच्या तळव्यातून रक्त आलं, तरी तिनं हात काढला नाही. तसंच तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं.

शेवटी हात काढला तेव्हा तेक्ल धापा टाकत म्हणाली, "माझी जोसेफा गेली आणि तू मला रडूसुद्धा देत नाहीस? माणूस आहेस का कोण आहेस?"

"सोलांज येईल, तेक्लआई. ती येईलच."

"येईल," तेक्ल म्हणाली. ती जोसेफाच्या पायाशी बसली. "माझे तिन्ही नातू त्या पोरीच्या हातावर जन्मले. एक आडवा आला होता, तिनं फिरवला." मग गुडघ्यांवर हात टेकून उठली. "पाणी तापव. केस मी विंचरते. तुला नीट जमणार नाही."

त्यांनी आईला न्हाऊ घातलं, चर्चच्या बायकांच्या मंडळाचं निळं कापड नेसवलं आणि चटईत गुंडाळलं. पेरणीचे दिवस होते. अंगणात कसाव्याचं बेणं, कापलेल्या कांड्यांच्या मोळ्या, रचून ठेवलेलं होतं. ढकलगाडीवर खाली आई, वर मोळ्या, आणि सगळ्याला दोरी. दिवसाढवळ्या जायचं असं तेक्लनंच ठरवलं. "लपून गेलं की माणसं बघतात. सगळ्यांसमोरून गेलं की कोण बघतंय!"

गल्लीतून जाताना दोघीतिघींनी विचारलं, "आज मकाला नाहीत?" ओदिल म्हणाली, "बेणं लावायचंय. पाऊस आपल्यासाठी थांबणार आहे थोडाच?" तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. गाडीचं चाक दर फेरीला करकरायचं आणि दर करकरीला तिला वाटायचं, आई बोलली.

गावाबाहेर पुलाच्या अलीकडे सिल्व्हेनच्या पोरांनी रस्त्यावर दोर बांधलेला असायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचं, काहीतरी उकळायचं. त्या दिवशी सिल्व्हेन स्वतः तिथं खुर्चीत बसला होता.

"याया! तेक्लआई! कुठं?"

"नाचायला," तेक्ल म्हणाली. "बेणं दिसत नाही का तुला, डोळे आहेत का गुंड्या?"

पोरं हसली. सिल्व्हेनही हसला. "आई कशी आहे?"

"शेतावर," ओदिल म्हणाली.

"त्या पायांनी?"

"पहाटेच गाडीतून नेलं."

सिल्व्हेन उठून गाडीपाशी आला. मोळीतून एक कांडी उपसून त्यानं नखानं सोलून पाहिली. "छान आहे गं. आमच्या म्हातारीला देतेस का चार?" आणि त्यानं मधल्या मोळीत हात घातला. ओदिलला निळ्या कापडाची कडा दिसली.

तेक्लनं त्याच्या हातावर चापट मारली. "वरवरच्या काय घेतोस, सुकलेल्या? कधी शेती केलीयस का मेल्या? थांब." तिनं कडेची एक मोळी सोडून चांगल्या जाड कांड्या काढल्या आणि त्याच्या छातीवर टेकवल्या. "जा, आईला दे. आणि तिला सांग, मुलाला काम शिकव."

पुलाच्या चढावर चिखल होता. गाडी रुतली. दोघी ढकलत होत्या, ती हलेना. तेव्हा सिल्व्हेननं कांड्या खुर्चीवर ठेवल्या, मागून येऊन दोन्ही हात गाडीला लावले आणि जोर केला. "जड आहे गं, याया."

"ओलं आहे बेणं."

गाडी पुलावर चढली. "देव पीक देवो," तो म्हणाला आणि हात झटकत परत गेला.

दोघी शेतावर पोचल्या. झोपडीमागे माती भुसभुशीत होती. खणायला दुपार सरली. आईला खाली ठेवल्यावर तेक्ल खड्ड्याच्या काठावर बसली आणि ओठांतल्या ओठांत मंडळाचं गाणं म्हणाली, इतकं हळू की शेजारच्या ओदिललाही नीट ऐकू येईना. मग त्यांनी माती लोटली. खूण राहू नये म्हणून त्यावर ओळीनं बेणं लावलं. ओदिलला वाटलं होतं, इथं तरी मोकळेपणानं रडता येईल. पण रडू कुठंतरी मुरलं होतं, ते आलंच नाही.

त्यानंतर खोटं बोलणं हेच तिचं काम झालं. आई शेतावर आहे. आईला झोपडीत बरं वाटतं. आईला डास चावले, पण येत नाही म्हणते, हट्टी आहे. आठवड्यातून एकदा ती शिदोरी घेऊन शेतावर जायची, लोकांना दिसेल अशी, आणि झोपडीत बसून ती स्वतः खायची. तिला तिचाच संताप यायचा आणि सोलांजचा त्याहून जास्त. कोण ती बाळंतीण, कुठलं ते कोर्ट, आणि इथं माझी आई कसाव्याखाली!

रविवारी सोलांजचा फोन यायचा. पहिल्या खेपेला तिनं सांगितलं, आई शेतावर. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला सोलांजचा आवाज बदलला.

"याया, खरं सांग. तिला काय झालंय?"

"काही नाही."

"मग मला ऐकव तिचा आवाज. पुढच्या रविवारी तिला घरी आण. नाहीतर मी निघते."

पुढच्या रविवारी तेक्ल फोनपाशी बसली. दोन्ही म्हाताऱ्या एकाच गल्लीत वाढलेल्या, एकाच ढंगानं बोलणाऱ्या, आणि फोन खरखरत होता. ओदिल दाराला पाठ लावून उभी राहिली. तिला ऐकायचं नव्हतं. तेक्लनं जोसेफासारखा खाकरा काढला आणि म्हणाली, "सोलांज? जेवलीस का?" मग बराच वेळ ती फक्त ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हो गं. केलं. कधीच केलं. आता रडू नको." फोन ठेवल्यावर तिनं तोंड फिरवलं आणि काही न सांगता ती घरी निघून गेली.

पाऊस ऐन भरात असताना बार्नाबे मामा आला. आईचा धाकटा भाऊ, लांबच्या खेड्यात राहणारा. बहिणीसाठी त्यानं भाजलेल्या अळ्यांची पिशवी आणली होती, तिच्या आवडीच्या. "कुठंय जोसेफा?" "शेतावर." "बरं, जातो मीच तिकडं." ओदिलनं हजार सबबी सांगितल्या, पूल खचलाय, ताप आहे, मामा आधी जेवून घ्या. तो गेलाच.

संध्याकाळच्या आत तो परत आला. अंगणात त्या वेळी गिऱ्हाईक होतं. त्यानं पिशवी ओदिलच्या पायाशी टाकली.

"चुलीत राख नाही," तो म्हणाला. "चटई नाही. छपरात कोळ्यांनी घरं केलीत. कुठंय माझी बहीण?"

"शेतावर आहे, मामा."

"कुठंय?"

"शेतावर."

तो रडायला लागला. धिप्पाड माणूस, लहान पोरासारखा रडत होता. "तू तिला खाल्लंस," तो म्हणाला. "नवऱ्याला खाल्लंस, पोटचं एक मूल टिकू दिलं नाहीस, आता आई खाल्लीस!"

चेटकीण माणसं खाते हे कोलिंगात सगळ्यांना माहीत आहे. तो शब्द कुणी उच्चारला नाही, तरी गल्ली भरली. ज्या बायका रोज सकाळी तिच्याकडून मकाला नेत त्यांनीच तिचे केस धरले. कुणी काठी आणली. ओदिलला एका वाक्यात सुटता आलं असतं. ती म्हणू शकली असती, आई आपल्या मरणानं मेली, मी सोलांजसाठी लपवलं. पण गर्दीच्या मागे भिंतीला टेकून सिल्व्हेन उभा होता. तो काही करत नव्हता, फक्त ऐकत होता. म्हणून ती मार खात राहिली आणि म्हणत राहिली, "आई शेतावर आहे." पोलीस आले, त्यांनी तिला ओढून काढलं. तिला वाचवायला आणलं की चेटकीण म्हणून धरायला, ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. त्यांनी तिला कोठडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी लोकांनी झोपडीमागची जमीन खणली.

सिल्व्हेन कोठडीच्या गजांपाशी आला. "मी ढकलली होती ती गाडी," तो म्हणाला. "माझ्या हातांनी. हुशार आहेस, याया. पण आता काय? रेडिओवर सांगितलंय, सकाळ-संध्याकाळ. जोसेफा गेली, तिचं दफन होणार आहे, लेकीनं यावं. बांगीपर्यंत ऐकू जातं, तिथून फोनवरून सगळ्या जगात. तिला कळेलच."

तो गेल्यावर ओदिलनं भिंतीवर डोकं आपटलं. एवढं सगळं करून, आईला ढोलाशिवाय मातीत घालून, हाती काय आलं? पुढचे दिवस ती गजांना चिकटून असायची. कोठडीत नवी बाई आली, पोलीस बदलला, कुणी भाकर घेऊन आलं की तिचा एकच प्रश्न: "माझी बहीण आली का? गाडीतून कुणी उतरलं का?" तिनं देवाकडं मागितलं की सोलांजचं काळीज दगडाचं होऊ दे. तिला आईचा विसर पडू दे. ती वाईट लेक निघू दे. असलं मागणं मागताना तिला लाजही वाटेना.

मग तेक्ल आली. तिलाही लोकांनी सोडलं नव्हतं, एक डोळा सुजून मिटला होता. तिनं गजांतून गोझोचा, कसाव्याच्या उकडीचा, गोळा आत दिला आणि तोंड जवळ आणलं.

"फोन माझ्याकडे आहे," ती कुजबुजली. "काल रविवार होता."

ओदिलनं गज घट्ट धरले.

"रडत होती पोरगी. म्हणाली, याया, आई गेली असं रेडिओवर ऐकलं. मी जोसेफाच्या आवाजात म्हटलं, याया नाही, मी बोलतेय. मीच मेले म्हणे! मी पण ऐकलं रेडिओवर, गोझो खाता खाता. म्हटलं, त्यांना तुला इथं आणायचंय, तेवढंही कळत नाही का तुला? एवढं शिकलीस ते कशाला? तर हसली गं. रडता रडता हसली."

ओदिल हसली. हसता हसता तिला रडू फुटलं, आणि ते इतकं आवरेना की पोलिसानं येऊन दारावर काठी आपटली. तेक्ल तिच्याकडे पाहत होती, एका डोळ्यानं.

"आता मी दोनदा खोटं बोलले आहे," ती म्हणाली. "मेल्यावर जोसेफा मला काय म्हणेल, कोण जाणे."

पाऊस सरत आला तेव्हा फुलबेर एका वकिलाला घेऊन कोलिंगात आला. ओदिलनं त्याला प्रथमच पाहिलं, बारीक, चष्मा लावलेला, आवाजावरून वाटला होता त्यापेक्षा तरुण माणूस. चेटकाचा आरोप कागदोपत्री टिकण्यासारखा नव्हताच. तिला गाडीत घालून बांगीला नेताना वाटेत त्यानं सांगितलं, सोलांजची साक्ष झाली. पडद्याआडून, कित्येक दिवस. देगोतोचे वकील तिला हलवू शकले नाहीत. आईच्या बातमीबद्दल कोर्टाच्या माणसांनीही तिला विचारलं होतं, तेव्हा ती ठामपणे म्हणाली होती, खोटं आहे ते, मी स्वतः बोलले आईशी.

"आता खरं सांगितलंय तिला," फुलबेर म्हणाला. "मी सांगितलं. फोन करेल ती तुम्हाला."

फोन यायला बरेच दिवस गेले. ओदिल तेव्हा बांगीत दूरच्या नातलगांच्या पडवीत राहत होती.

"त्या रविवारी कोण बोललं?" सोलांजनं विचारलं. दोघींनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"तेक्ल."

"पहिल्यांदा पण?"

"दोन्ही वेळा."

"मी तिला विचारलं होतं, आई, तुला टाकून गेले, मला माफ केलंस का? ती म्हणाली, हो, कधीच केलं." सोलांजचा आवाज अगदी शांत होता. "ते तेक्लनं केलं, याया. आईनं नाही केलं. आता मी कुणाला विचारू?"

"मग मी काय करायला हवं होतं? तू आली असतीस. त्यांनी तुला..."

"आले असते. माझी आई होती. माझं मी ठरवलं असतं." आणि मग ती म्हणाली, "मी तिथं हात वर करून शपथ घेतली, खरं तेच सांगेन म्हणून. सगळं खरं सांगितलं. आणि त्या सगळ्या दिवसांत माझ्याशी फक्त तू खोटं बोलत होतीस."

"तू जिवंत आहेस," ओदिल म्हणाली.

सोलांजनं फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

बार्नाबे मामानं आईला शेतातून काढून आपल्या खेड्यात नेलं. तिथं रीतीनं ताडपत्री ताणली गेली, ढोल वाजले, आठवडाभर लोक बसले. दोन्ही लेकी तिथं नव्हत्या. ओदिल तिथं कुणाला नको होती आणि सोलांज येऊ शकत नव्हती. तेक्लला गल्लीनं राहू दिलं नाही, ती लेकीकडे लांबच्या गावी गेली, असं कुणीतरी सांगितलं.

निकाल लागला त्या दिवशी ओदिल रस्त्याच्या कडेला मकाला तळत होती. समोरच्या दुकानात रेडिओ लागला होता आणि माणसं गोळा झाली होती. देगोतोला मोठी शिक्षा झाली. कुणी म्हणालं, बरं झालं. कुणी म्हणालं, ज्यानं वाचवलं त्यालाच डांबलं. एका बाईनं ओदिलला विचारलं, "तू तिकडचीच ना? खरं काय होतं गं?" ओदिलनं घाण्यातले गोळे उलटवले. "माझ्या नवऱ्याचं प्रेत त्यानं आणून दिलं," ती म्हणाली. मग कढईत पुढचा गोळा सोडत म्हणाली, "आणि दवाखान्यात एक बाळंतीण होती." बाईला काही कळलं नाही. ती मकाला घेऊन गेली.

संध्याकाळी ओदिलनं फुलबेरला फोन लावला. "सोलांजला कळलं?"

"कळलं."

"काय म्हणाली?"

"आता तरी गावी जाता येईल का, असं विचारलं."

"मग?"

"नाही म्हटलं. सिल्व्हेन आहे, बाकीचे आहेत. इतक्यात नाही. कदाचित कधीच नाही."

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

"नाही, मादाम."

ओदिलनं "बरं" म्हटलं. मग तिनं चुलीतली लाकडं ओढून विझवली, कढईतलं तेल गाळून डब्यात ओतलं आणि दुसऱ्या दिवशीचं पीठ भिजवायला घेतलं.